वाचक विचारतात: तापलेली गच्ची, जूनमधला कूलर आणि आटलेलं बोअर

प्रश्न: इंदूरला रामबागेत वरच्या मजल्यावर राहतो. पारा पूर्वीही ४२ पर्यंत जायचा, पण रात्री झोप लागायची. आता पहाटेपर्यंत खोली भट्टीसारखी असते. गच्चीला चुना लावून फरक पडतो का?

उत्तर: पडतो, पण नीट लावला तर. आधी कारण पाहू. ‘शब-ए-मालवा’चं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक झालं ते रात्री पारा भराभर उतरायचा म्हणून. साडेपाचशे मीटर उंचीचं पठार, कोरडी हवा, मोकळं आकाश. जमिनीत साठलेली उष्णता अंधार पडताच वर निघून जायची. हवेत कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प वाढलं की तिची वाट अडते. म्हणून पेपरात कमाल तापमानाइतकंच किमानही वाचत जा. कमाल ४० किंवा त्याहून जास्त आणि किमान सरासरीच्या साडेचार अंश वर असेल, तर हवामान खातं तिला ‘उष्ण रात्र’ म्हणतं. अर्थात सगळं खापर हवामानबदलावर फोडू नये. आपण ओतलेलं सिमेंटही तितकंच गुन्हेगार आहे. दुपारी स्लॅब जे ऊन पितो, ते काही तासांनी खाली उतरतं. रात्री नऊला स्टुलावर चढून छताला हात लावून पाहा, चटका कळेल. पंखा तीच हवा तुमच्या अंगावर ढकलतो.

आता चुना. ५०० चौरस फुटांना दोन हातांसाठी साधारण १० किलो कळीचा चुना धरा. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग थोडाथोडा चुना. उलट केलंत तर उकळी अंगावर उडते, आणि प्लॅस्टिकची बादली वितळते. डोळ्यांवर चष्मा हवाच. रात्रभर विरू द्या, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा, पातळ ताकाइतकं पाणी घाला आणि शेवटी थोडा फेव्हिकॉल मिसळा. गच्ची घासून, भेगा बुजवून, पाण्याने ओली करा. काम संध्याकाळी करा: पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. भर उन्हात लावलेला चुना धरायच्या आधीच सुकतो आणि चार दिवसांत पायाला पीठ लागतं. धूळ बसली की उपयोग घटतो, तेव्हा मार्चमध्ये दरवर्षी नवा हात द्यावा. खिडक्या मात्र संध्याकाळी पाचला उघडू नका. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की मगच.

प्रश्न: मेमध्ये कूलर छान चालतो, जून लागला की घाम आणतो. ताट्या बदलल्या, पंप बदलला, काही उपयोग नाही.

उत्तर: पैसे वाया गेले. कूलर गारवा देतो तो पाण्याची वाफ करून, आणि हवा आधीच ओली असेल तर वाफ होणार कशी? ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना चांगला कूलर २६ अंशांच्या आसपास हवा देतो. ३४ अंश आणि ६५ टक्के असताना कसाबसा २९-३०, तीही इतकी दमट की घाम वाळत नाही. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, म्हणून पावसाआधीचे हे चिकट दिवस जास्त जाचतात. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. काटा ६० च्या वर गेला की पंप बंद, नुसता पंखा चालू. कूलर चालू असताना समोरची खिडकी वीतभर उघडी हवी. दारं-खिडक्या लावून घेतल्या की मेमध्येही हेच होतं. ताट्यांवर पांढरा थर येतो तो क्षारांचा. वरून पाणी भरत राहिलं की क्षार दाटत जातात, तेव्हा आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा.

प्रश्न: टाकी रिकामी करतोच, तरी डास होतात. का?

उत्तर: घासत नसाल. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. पाणी आलं की फुटतात. उबेत आठ-दहा दिवसांत डास तयार. काथ्याने भिंत खसाखसा घासा, विशेषतः हंगाम संपल्यावर कूलर माळ्यावर टाकण्याआधी.

प्रश्न: स्नेहलतागंजातलं आमचं बोअर एप्रिलमध्येच कोरडं पडतं. गच्चीचं पाणी सरळ बोअरमध्ये सोडावं का? गच्ची १००० चौरस फूट.

उत्तर: सरळ कधीच नाही. इंदूरचा पाऊस वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर. २० टक्के गळती धरूनही तुमच्या गच्चीवरून ७०,००० लिटर मिळतील. अडचण अशी की हल्ली तो थोड्या दिवसांत धो-धो कोसळतो आणि गटाराला मिळतो. खाली काळा बसाल्ट खडक. पाणी त्याच्या फटींतच साठतं. गाळ गेला की फटी बुजतात आणि असलेलं बोअरही हातचं जातं. गच्चीवरून उतरणाऱ्या ११० मिलिमीटरच्या पाइपाला झडपेची वेगळी फांदी काढा आणि हंगामातले पहिले दोन-तीन पाऊस बाहेर सोडा. वरच्या उत्तराप्रमाणे चुना लावला असेल तर हे टाळूच नका. नंतरही प्रत्येक सरीचं पहिलं २०० लिटर बाहेरच. बाकीचं गाळणीतून: तळाशी गोटे, वर खडी, त्यावर नायलॉनची जाळी आणि जाड रेती. मेअखेरीस रेतीचा वरचा दोन इंच थर खरवडून टाका, नवी रेती घाला. पाणी रेतीवर तुंबून राहिलं तर समजा, ते राहून गेलंय.