‘आम्ही’ खोड, ‘मी’ लिही

निनाद, तुझा प्रश्न वाचला: ऑस्ट्रेलियाच्या 491 व्हिसावर (रीजनल भागात राहायच्या अटीचा तात्पुरता व्हिसा) आलो तर पाच वर्षं खेड्यात काढावी लागतील का, आणि पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, खरंच मिळते का?

खेडं कसलं! सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकी सगळा ऑस्ट्रेलिया यांच्या लेखी रीजनल. मी राहतो ते अ‍ॅडलेडही त्यातच. मात्र राहणं, नोकरी, शिक्षण त्याच भागात. सिडनीला फिरायला खुशाल जा, तिथली नोकरी धरता येत नाही. व्हिसा पाच वर्षांचा, पण तीन वर्षं झाली आणि तीन आर्थिक वर्षांच्या टॅक्स-आकारणीच्या नोटिसा हाती असल्या की 191 म्हणजे पीआरचा अर्ज करता येतो. म्हणून आल्याआल्या रोखीची कामं करत बसू नकोस. त्यांचा कागद होत नाही.

आता व्हिसासाठी मोजतात ते गुण. तू 32 चा, म्हणून वयाचे 30. तेहतिसावं पूर्ण झालं की 25, आणि वय धरतात ते इन्व्हिटेशनच्या, म्हणजे अर्ज करायचं बोलावणं येतं त्या, दिवशीचं! डिग्रीचे 15, पाच वर्षांच्या अनुभवाचे 10, आयईएलटीएसला, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेत, सगळीकडे सात असतील तर 10. झाले 65. राज्याने नॉमिनेट केलं की वर 15. तुझ्या बायकोने, प्राजक्ताने, त्याच परीक्षेत सगळीकडे सहा आणले तर आणखी 5. पासष्टवर फक्त दार उघडतं, बोलावणं वरच्यांना आधी येतं. तेव्हा वाढदिवसाआधी हालचाल कर.

तुझी खरी गाडी अडेल ती सीडीआरमध्ये, म्हणजे स्वतःच्या इंजिनिअरिंग कामाच्या अहवालात. तो तपासणाऱ्या इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेला तीन करिअर एपिसोड, म्हणजे केलेल्या कामांचे वृत्तांत, लागतात, आणि तू स्वतः काय केलंस तेवढंच. आपल्याला रबाळ्याच्या प्लांटमध्ये ‘आम्ही डिझाइन केलं, आम्ही टेस्ट घेतली’ म्हणायची सवय. तिथे ‘आम्ही’ला किंमत शून्य. ठाण्यातल्या एका एजंटने मला तयार सीडीआर दिला होता. त्यातला बॉयलर मी जन्मात पाहिलेला नव्हता! नक्कल सापडली तर अर्ज बाद, वर बंदी. पैसे बुडाले ते बुडाले. मी महिनाभर रात्री घणसोलीच्या घरी बसून जुन्या ड्रॉइंगवरून सगळं पुन्हा लिहिलं. जुनी ड्रॉइंग, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16 आत्ताच गोळा कर. पीसीसीसाठी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटसाठी, मात्र वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात एवढ्यात धावू नकोस, ते बारा महिनेच चालतं.

पहिला एपिसोड लिहून झाला की पाठव. जिथे ‘आम्ही’ दिसेल तिथे लाल करतो.