आदिवासी पाड्यांवरची एवढीएवढी मुलं कोल्ड्रिंक का पितात? पालकांना कळत नाही का?

पालघर जिल्ह्यात जव्हारजवळचा दाभोशाचा धबधबा बघून परतताना तुम्हाला हा प्रश्न पडला, असं तुम्ही लिहिलंय. तीन वर्षांचं पोर, अंगात नुसता सदरा, हातात मँगोचं पाकीट, पुढचे दात काळे. "पालकांना कळत नाही का, आणि हे थांबवायचं कसं?"

कळतं. आता बाकीचं ऐका, कारण प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागलाय.

मी त्याच जव्हार तालुक्यातला. कोकणा समाजाचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मोठा भाऊ पाड्यावर किराणा दुकान चालवतो आणि वहिनी त्याच पाड्याची अंगणवाडी सेविका. म्हणजे सकाळी ज्या घरातून पोरांना सरकारी अमृत आहार योजनेतलं अंडं मिळतं, त्याच घरातून संध्याकाळी दहा रुपयांत पाकीट मिळतं. अंडी ठेवतात तेही कोल्ड्रिंक कंपनीने दिलेल्या फ्रीजमध्येच, कारण पाड्यावर दुसरा फ्रीज नव्हता. काचेच्या दाराचा, वर दिवा लागणारा. कंपनीच्या माणसाने एकदा त्या अंड्यांचा फोटो काढला आणि दादाला दम भरला, की आमच्या फ्रीजमध्ये आमचाच माल पाहिजे. वहिनीने त्याला तिथेच ऐकवलं, की मग सरकारला सांग मला फ्रीज द्यायला.

तर २०१७ सालची गोष्ट. माझी मुलगी साडेतीन वर्षांची. वरचे पुढचे चार दात आधी पांढरट, मग पिवळे, मग तपकिरी होत गेले आणि शेवटी हिरडीपाशी नुसते खुंट उरले. आमच्याकडे म्हणतात, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत. मीही तेच म्हणत होतो, बी.ए. डी.एड. होऊन. मग एका रात्री गाल सुजला, ताप चढला, पोर रात्रभर रडली. शेजारची म्हातारी म्हणाली, दातातली कीड काढून देणारी बाई बाजाराला येते, तिच्याकडे न्या. नेलं नाही, एवढीच काय ती माझी हुशारी. सकाळी मोटारसायकलवर बायकोला आणि पोरीला घेऊन मोखाडा, त्र्यंबक करत नाशिक गाठलं.

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं आणि पहिला प्रश्न बायकोला विचारला, "काय पाजता हो मुलीला?" ती काही बोलायच्या आत पुढचं, "तुमच्या भागात हेच. आया अडाणी, रडलं की बाटली तोंडात." मग मला बाजूला घेऊन, मास्तर म्हणून जरा आदराने, सगळं समजावलं. वरचे पुढचे दात आधी जातात, कारण पोर बाटली तोंडात धरून झोपतं आणि गोड पाणी रात्रभर त्या दातांवर साचून राहतं. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते, लाळ असते, ते वाचतात. पोरीचे खालचे दात खरंच पांढरेशुभ्र होते. एवढी लहान मुलगी खुर्चीत बसणार नाही, पूर्ण भूल देऊन चार दात काढावे लागतील. खर्च ऐकून माझा घसा कोरडा पडला.

बायको माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, नुसती बघत होती.

कारण पाजणारी ती नव्हतीच. शनिवारी सकाळची शाळा. मी दुपारी घरी येताना जव्हारहून पाकीट आणायचो. मोटारसायकलचा आवाज ऐकून पोर उंबऱ्यापर्यंत धावत यायची आणि थेट पिशवीत हात घालायची. बापाला त्या धावण्याची चटक लागते, पोराला साखरेची लागते तशीच. बाकीचे दिवस माझी आई दादाच्या दुकानातून आणायची. बायको भातलावणीला गेली की आई अर्धं पाकीट दुधाच्या बाटलीत ओतून, त्यात पाणी घालून निपल तोंडात द्यायची, पोर गपगार झोपायची. बायकोने दोनदा तरी सांगितलं होतं, आईंना सांगा, बाटलीत दूध नाहीतर पाणी, दुसरं काही नको. मी म्हणालो होतो, "राहू दे ना, म्हातारी एकटी सांभाळते." आणि दवाखान्यात मी गप्प बसलो. डॉक्टरांना म्हणालो नाही, की अडाणी आई नाही, शिकलेला बाप आहे.

म्हणून तुमचं "पालकांना कळत नाही का" वाचलं आणि हात शिवशिवले. १९९२ साली आमच्याच तालुक्यातल्या वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने दगावली, तेव्हापासून आमच्या आयांना शिकवायला येणाऱ्यांची रांग संपलेली नाही. तक्ते, पथनाट्यं, हात धुवायचे आठ प्रकार. बापाला आणि आजीला समोर बसवून कोणी काही विचारल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. पाकीट आणतो तो ज्याच्या हातात रोकड असते तो.

आणि रोकड कधी असते तेही सांगतो. आमच्यातली निम्मी माणसं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. माझे दोन चुलतभाऊ दरवर्षी जातात. शेठ आठवड्याची खर्ची देतो बाजाराच्या दिवशी. नवराबायको पहाटेपासून विटा पाडतात, पोर ताडपत्रीखाली. पाणी टँकरचं, गढूळ, ऊन मी म्हणतंय. तिथे दहा रुपयांत पोर दोन तास गप्प राहतं आणि शिवाय आपण पोराला काहीतरी घेऊन दिलं असंही वाटतं. आठ महिने तिथे सवय लागली की ती पाड्यावर परत येतेच. मोखाड्यात एप्रिल-मे महिन्यांत विहिरी आटून टँकर लागतात, वैतरणेचं पाणी मात्र मुंबईला जातं आणि आपल्याच जिल्ह्यात वाड्याकडे कुडूसला थंड पेयांचा मोठा कारखाना आहे. हे मी भाषण म्हणून सांगत नाही. दुकानात पाणी वीस रुपयांना आणि मँगो दहाला असेल तर चुलतभाऊ काय घेईल, ते तुम्हीच सांगा.

तुम्हाला दिसलं नाही ते मात्र त्याहून मोठं आहे. कोरा चहा. आमच्यात गाई-म्हशी दूध काढायला पाळायची पूर्वीपासून रीत नाही, बैल नांगराला आणि दूध वासराला. म्हणून चहा बिनदुधाचा, साखर मात्र मजबूत. वर्षाच्या पोराला त्यात टोस्ट बुडवून देतात, सकाळी आणि संध्याकाळी. अंत्योदय कार्डावर महिन्याला किलोभर साखर वीस रुपयांत मिळते, ती आठ दिवसांत चहातच संपते. शिवाय चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, म्हणजे नागलीची भाकरी खाऊनही पोर फिकटच. पाकिटाचा फोटो निघतो, चहाच्या कपाचा कोणी काढत नाही.

आकडे हवे असतील तर: पाव लिटर कोलामध्ये साधारण २६ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत मोठ्या माणसालाच दिवसाला साधारण २५ ग्रॅमची मर्यादा आहे आणि दोन वर्षांखालच्या मुलाला वरून साखर अजिबात नको. एवढ्याशा पोटात ते पाकीट गेलं की दुपारची भाकरी नको होते. वहिनी म्हणते, पोट भरतं, अंग भरत नाही. तिच्या वजनकाट्यावर ते दर महिन्याला दिसतं.

सरकारचंही ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून फेसाळणाऱ्या पेयांवर ४० टक्के जीएसटी आणि फळांच्या रसाची म्हणवणाऱ्या, फेस नसलेल्या पेयांवर १२ चा ५ टक्के केला. आमची पोरं पितात ते हे दुसरं. पाकिटावर आंब्याचं चित्र आहे ना, मग ते फळच! आणि जुलाब लागल्यावर दुकानात मिळणाऱ्या, नावात "ओआरएस" असलेल्या गोड पाकिटांचं तर विचारूच नका. दादा ती "दवाखान्याची" म्हणून विकायचा, त्यालाही खरंच तसं वाटायचं. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं भांडल्या तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला बंदी केली. जुलाबात जास्त साखर पोटात गेली तर आतड्यात पाणी आणखी ओढलं जातं, जुलाब वाढतात. खरी ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे फुकट मिळतात, पण फुकटच्या वस्तूवर विश्वास कोणाचा?

आता दादा. नाशिकहून परत आल्यावर मी सरळ दुकानात गेलो आणि चार माणसांसमोर त्याला बोललो. तू विष विकतोस, स्वतःच्या पुतणीचे दात गेले, वगैरे. तो काही बोलला नाही. खाली वाकून उधारीची वही काढली आणि माझ्या नावाचं पान उघडून काउंटरवर ठेवलं. "मँगो १. मँगो १. मँगो २." आईने नेलेली, माझ्या खात्यावर. चैत्र-वैशाखाची मिळून ४१ पाकिटं. दर महिन्याला पगार झाला की मी एकूण रक्कम विचारून पैसे टाकायचो, पान कधी वाचलंच नव्हतं. मग तो म्हणाला, "मास्तर, तुझा पगार एक तारखेला बँकेत येतो. माझा ह्या फ्रीजमधून येतो. मी बंद केलं तर लोक जव्हारहून आणतील, तू आणतोसच की." चार माणसं हसली. मी पैसे टाकून निघून आलो.

मी हरलो नाही, असं दाखवायला पुढे बरंच काही केलं. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मिठाचे पदार्थ विकायचे नाहीत, असा प्राधिकरणाचा नियम २०२० चा. मी टेप घेऊन मोजलं. ६१ मीटर भरलं. दादाने मला टेपचं दुसरं टोक धरून मदत केली.

तरी आज सांगतो, दादा चूक आहे. वहीतलं पान खरं, ती माझी चूक. पण "मी नाही तर दुसरा विकेल" हे उत्तर नाही. मोहाच्या दारूचं दुकान घातलं असतं तर हेच म्हणाला असतास का? पाड्यावरून जव्हारला जायला जीपचे पैसे पडतात, तीन वर्षांचं पोर एकटं जात नाही. दुकानात मात्र एकटं येतं, दहाची नोट मुठीत घेऊन, आणि फ्रीजचा सगळ्यात खालचा कप्पा बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर असतो. तिथे मँगो कोणी ठेवला? कंपनीच्या माणसाने. कोणाच्या दुकानात?

अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींनी स्वतःच्या परिषदेत ठरवून २०१५ पासून असल्या मालावर २ टक्के जादा कर लावला, पाण्यावरचा आणि फळ-भाज्यांवरचा कर आधीच काढून टाकला होता. त्यांच्याकडेही कित्येक घरांत नळ नाही. आपल्याकडे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आहे, गावबाजार ग्रामसभेच्या हातात आहे, दारूबंदीचे ठराव आपण कितीदा केले. दुकानात लहान पोराच्या एकट्याच्या हातात बाटली-पाकीट द्यायचं नाही, एवढा ठराव करायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. मी तो मांडला का? नाही. सख्ख्या भावाविरुद्ध मांडायला जीभ रेटली नाही.

थांबवायचं कसं, हे तुमचं राहिलंच. आमच्या घरात जमलं ते सांगतो. बाटली गेली, वाटी-चमचा आला, हे सगळ्यात आधी. रात्री झोपताना पाण्याशिवाय काही नाही. चहा बंद केला नाही, आईने बंद होऊ दिला नसता, पण पोरांच्या कपातली साखर दर आठवड्याला चिमूटभर कमी केली आणि त्यांचा चहा जेवणापासून तासभर लांब नेला. आंबील पुन्हा सुरू झाली. शनिवारी मी करवंदं, जांभळं, नाहीतर केळी आणतो, आणि खरं सांगायचं तर पोर आता तेवढी धावत येत नाही. "कोल्ड्रिंक प्यायलास तर मरशील" असलं सांगू नका, पोरं दुसऱ्या दिवशी जिवंत असतात आणि तुम्ही खोटे पडता. आणि दाभोशाला परत याल तेव्हा रस्त्यावरच्या पोरांना पाकिटं वाटून फोटो काढणारे दिसतील, आधी त्यांना हा प्रश्न विचारा. गाड्या पुण्या-मुंबईच्या असतात.

मी डॉक्टर नाही. वारली, कातकरी, ठाकूर, सगळ्यांचं सारखं नसतं, आणि मेळघाट-नंदुरबारकडचं मी बोलणार नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी काम चांगलं केलं, पैसेही दोन हप्त्यांत घेतले. मुलीला आता पक्के दात आलेत, सरळ आहेत. आई दोन वर्षांपूर्वी गेली. बाटलीवरून मी तिला शेवटपर्यंत काही बोललो नाही, आणि ते बरंच झालं.

ह्या दिवाळीत मी दादाला एवढंच म्हणालो, खालच्या कप्प्यात अंडी ठेव, मँगो वर. त्याने ठेवली, बुधवारपर्यंत. गुरुवारी कंपनीची गाडी आली आणि त्या माणसाने सगळं पूर्वीसारखं लावून दिलं. वहिनी हे वाचेल आणि त्याला वाचून दाखवेल, म्हणून इथेच लिहितो: दादा, पुढच्या गुरुवारी मला सुट्टी आहे. मी दुकानात येऊन बसतोय.