टोपीवरचं शिंग की तुतारी?

साताऱ्याहून एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांचे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले. टोपीवरचा पितळी बिल्ला चिंचेनं घासताना नातवानं विचारलं, "ही तुतारी का?" आजोबा म्हणाले, "तुतारी नव्हं रं, बिगूल हाय तो." ताईंना हवाय नेमका मराठी शब्द.

आजोबा बरोबर आहेत, कारण पलटणीत तोच शब्द चालतो. पण नातूही फार चुकलेला नाही.

'बिगूल' आपण इंग्रजीकडून घेतला, इंग्रजीनं जुन्या फ्रेंचकडून, आणि मुळाशी आहे लॅटिनमधला 'बुकुलुस', म्हणजे गोऱ्हा. आधी जनावर, मग त्याचं शिंग, मग शिंगाचं वाद्य आणि शेवटी धातूचं वाद्य, असा हा प्रवास. आता आपला 'शिंग' बघा. तोही याच वाटेनं आलाय. वाद्य तांब्यापितळेचं झालं तरी नाव जनावराच्या डोक्यावरचंच राहिलं. वाजवणारा तो शिंगाड्या. म्हणजे बिगूल आणि शिंग ही दोन भाषांतली सख्खी चुलतभावंडं. वर्तमानपत्रं एका ओळीत निवडणुकीचा बिगूल वाजवतात आणि पुढच्या ओळीत रणशिंग फुंकतात, तेव्हा नकळत एकच गोष्ट दोनदा सांगतात.

तुतारी वेगळी ती लांबीनं. लग्नाच्या दारात किंवा पालखीपुढे वाजते ती तुकडे जोडून केलेली, वाजवणाऱ्याच्या डोक्याच्याही वर जाणारी. बिल्ल्यावरचं वाद्य आखूड, वाकडं, दोरीनं गळ्यात अडकवायचं, शिकाऱ्याच्या शिंगासारखं. म्हणून माझं मत 'शिंग'कडे झुकतं.

हा फरक म्हणजे नसती चिकित्सा असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आपल्याच सातारा जिल्ह्याकडे बघावं. 2024 च्या लोकसभेला इथे एका पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या एका चिन्हाचं, इंग्रजी ट्रम्पेटचं, मराठी नावही 'तुतारी'च छापलेलं. त्यावरून बरीच ओरड झाली. विधानसभेच्या आधी आयोगानं चिन्ह ठेवलं, मराठी नाव मात्र बदलून 'ट्रम्पेट' केलं. एका भाषांतरानं केवढा घोळ!

आता हे वाद्य बिल्ल्यावर कसं आलं? त्याचं उत्तर 'लाइट' या शब्दात आहे. इथे लाइट म्हणजे उजेड नव्हे, हलकं. हलक्या पायदळाचे जवान मुख्य फळीच्या पुढे विखरून लढत. ढोल घेऊन तसं पळता येत नाही आणि विखुरलेल्यांना त्याचे इशारे नीट कळतही नाहीत. त्यामुळे हुकूम शिंगावर दिले जात, आणि तेच त्यांचं चिन्ह झालं. मराठ्यांच्या पलटणींना हे बिरुद फुकट मिळालेलं नाही. 1840 साली बलुचिस्तानातल्या काहानच्या किल्ल्यात मुंबईच्या 5 व्या नेटिव्ह इन्फंट्रीनं वेढा सोसून काही महिने किल्ला धरून ठेवला. 1841 मध्ये तिला 'लाइट इन्फंट्री' म्हणवून घ्यायचा मान मिळाला. हीच आजची मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण, जवानांच्या तोंडची 'काली पांचवी'. म्हणजे बिल्ल्यावर शिंगासोबत असलेल्या ढाल-तलवारी शिवकालाची आठवण देतात, पण शिंग विलायती युद्धपद्धतीतून आलेलं आहे. बिल्ल्यावर सगळंच मावळ्यांचं असं समजणाऱ्यांना हे थोडं टोचेल.

जाता जाता: 'मग अपशिंगे मिलिटरी या गावाचं नाव यावरूनच का?' असं कुणीतरी विचारणारच. पहिल्या महायुद्धात त्या गावचे 46 जवान कामी आले आणि नावापुढे 'मिलिटरी' लागलं, हे खरं. पण नुसत्या कानाला सारख्या लागणाऱ्या अक्षरांवरून व्युत्पत्ती बांधू नये.

ताई, नातवाला सांगा: आजोबांचा बिगूल म्हणजे आपलं शिंग. आणि हलक्या पायदळाच्या बिल्ल्यांवर शिंगाच्या वर जे फुलासारखं दिसतं, ती दोरीची गाठ असते. चिंच तिथं जरा जास्त चोळा, काळपटपणा त्याच खाचांत अडकतो.