मुंबईला क्रूझवरून उतरून त्याच दिवशी नागपूरचे विमान गाठता येईल का? सामानाची व्यवस्था कशी करावी?

आपण विचारले आहे की, वृद्ध आई-वडील आणि दोन मुलांसह मुंबईहून गोव्याची क्रूझ करायची असून जहाज सकाळी परत येते, तर दुपारी साडेबाराचे नागपूरचे स्वस्त विमान घ्यावे का. माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नये. सायंकाळी पाचनंतरचे घ्यावे, मग तिकीट थोडे महाग पडले तरी चालेल.

कारण असे की, वेळापत्रकात दिलेली वेळ जहाज धक्क्याला लागण्याची असते, आपण रस्त्यावर येण्याची नसते. प्रवाशांना मजल्यामजल्याने बोलावतात, त्यानंतर टर्मिनलच्या दालनात आपापल्या बॅगा शोधायच्या असतात. त्यापुढे बॅलार्ड पिअर या दक्षिण मुंबईतील क्रूझच्या धक्क्यापासून विमानतळापर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटरचे अंतर उरते, आणि देशांतर्गत विमानाच्या सामानाचा काउंटर उड्डाणाच्या साधारण एक तास आधी बंद होतो. या साखळीत एक कडी जरी सैल पडली तरी साडेबाराचे विमान हातचे जाते.

सामानाचे माप जहाजावरून नव्हे, विमानावरून ठरवावे. जहाजावर वजनाची फारशी विचारणा होत नाही, त्यामुळे मंडळी मोकळ्या हाताने बॅगा भरतात. विमानात मात्र साध्या तिकिटावर बहुधा माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातले, एवढेच चालते. पॉवर बँक विमानात हातातल्याच बॅगेत ठेवावी लागते, आणि इस्त्री जहाजावर आगीच्या भीतीने काढून घेतात, म्हणून ती घरीच राहू द्यावी.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि कर्मचारी त्या रातोरात घेऊन जातात. आई-वडिलांची औषधे, चष्मे, सर्वांची ओळखपत्रे, चार्जर आणि सकाळी घालायचे कपडे त्याआधी एका लहान पिशवीत वेगळे काढावेत, कारण दाराबाहेर ठेवलेली बॅग पुन्हा दिसते ती थेट टर्मिनलमध्येच. तेथे एकाच रंगाच्या ट्रॉली बॅगांच्या रांगा लागलेल्या असतात, म्हणून आमच्या घरी प्रत्येक मुठीला जुन्या नारिंगी साडीची चिंधी बांधतात. दिसायला गावठी वाटते खरे, पण बॅग लांबूनच ओळखू येते.

आता गाडीविषयी. आपण पाच-सहा जण असाल, तर काळी-पिवळी टॅक्सी एक पुरणार नाही. तिच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. ती निम्मी जागा खाते आणि उरलेल्या जागेत एखादीच मोठी बॅग कशीबशी बसते. टपावर कॅरियर असेल तर सामान वर चढवता येते, मात्र दोरी बांधल्याशिवाय निघू नये. त्यापेक्षा सहा-सात आसनांची मोठी गाडी आधीच ठरवावी. बंदराचा परिसर सुरक्षा दलाच्या ताब्यात असल्यामुळे चालकाने नेमके कोणत्या फाटकापाशी थांबायचे, हे फोनवर पक्के करून घ्यावे. विमानाच्या तिकिटावर टर्मिनल १ आहे की २, हेही त्याला तेव्हाच सांगावे, कारण दोन्हींमध्ये पायी जाता येण्याइतके अंतर नाही.

सायंकाळचे विमान घेतले म्हणून सायंकाळपर्यंत दक्षिण मुंबईत रेंगाळू नये. सकाळी कचेऱ्यांची गर्दी उत्तरेकडून दक्षिणेकडे येते, संध्याकाळी तीच उलट फिरते. म्हणजे आपण चारनंतर निघालात तर सगळ्या शहराबरोबर घरी परतत असता. धक्क्याजवळच्या फोर्ट भागात जेवण करून दीडच्या सुमारास निघणे उत्तम. भुयारी मेट्रो ३ आता दक्षिण मुंबईतून विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांपर्यंत जाते आणि तिला रहदारीची अडचण नाही, पण धक्क्यापासून स्थानकापर्यंत पुन्हा टॅक्सी करावी लागते. तरुण जोडप्याला मी तीच सुचवली असती. आपल्याबरोबर ज्येष्ठ मंडळी आहेत, म्हणून नाही.

जाताना मात्र मी विमानापेक्षा रात्रीची रेल्वे पसंत करतो. नागपूरहून विदर्भ किंवा दुरांतो एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला पोहोचवते आणि तेथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. जहाजात चढणे साधारणपणे दुपारचे असल्यामुळे गाडीला उशीर झाला तरी हाताशी वेळ राहतो.

परततानाही विमानाचा हट्ट नसेल, तर संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस आपल्याला अधिक सोयीची आहे. दिवसभरासाठी बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतात. त्यासाठी प्रत्येक बॅगेला कुलूप आणि जवळ रेल्वेचे तिकीट लागते. दुरांतोचे तिकीट काढणार असाल, तर ती मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटते, हे लक्षात घेऊन जहाज येण्याच्या दिवसाच्या पुढची तारीख घालावी.