रंकाळ्याच्या काठानं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वय ६८, गुडघे कुरकुरतात. मुलगा म्हणतो, चालायचं तर रंकाळ्याची पूर्ण फेरीच मारा. जमेल का? (शिवाजी पेठ)

मुलाला सांगा, फेरी पूर्ण केली म्हणून कुणी गदा देत नाही. पद्माराजे उद्यानाच्या बाजूची सपाट वाट धरा. पंधरा मिनिटं पुढं, मग तिथूनच माघारी. आठवड्यातून पाच दिवस एवढं केलंत, तरी जागतिक आरोग्य संघटना सांगते ती १५० मिनिटं भरतात. शेजारच्याशी राजकारण बोलता यावं, पण गाणं म्हणायला दम पुरू नये, एवढा वेग बास. घाटाच्या पायऱ्या मात्र टाळा. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. दुसऱ्या दिवशी सूज राहिली तर अंतर कमी करा आणि डॉक्टरांना दाखवून घ्या.

प्रश्न: सात वर्षांची लेक पाण्यातल्या प्रत्येक काळ्या पक्ष्याचं नाव विचारते. आम्ही सगळ्यालाच 'बदक' म्हणतो. दुर्बीण घ्यावी का? (राजारामपुरी)

दुर्बीण सध्या राहू दे. आधी एका जागी दहा मिनिटं बसायला शिकवा. मुलांना ते जमतं, आईबापांनाच जमत नाही. काळ्या अंगाचा, पांढरीशुभ्र चोच आणि कपाळ असलेला तो वारकरी. उडायचं झालं की आधी पाण्यावरून धावत सुटतो. पंख पसरून खांबावर बसलेला पाणकावळा. त्याची पिसं भिजतात, म्हणून बुडी मारून आला की वाळवत बसावं लागतं. मुठीएवढी, सारखी गडप होणारी ती टिबुकली. कुठं वर येईल यावर लेकीशी पैज लावा, बहुतेक वेळा हराल.

खरी गंमत ढोकरीची. काठावरच्या चिखलात मातकट रंगाची, मान आखडून बसलेली असते. दोन पावलांवर जाईपर्यंत दिसत नाही. उडाली की एकदम पांढरेफेक पंख! एवढा पांढरा रंग मगाशी कुठं होता, हे लेकीलाच शोधू द्या. बसल्यावर तपकिरी पाठ पंखांवर कशी झाकण घालते, ते तिला आपोआप कळेल. हिवाळ्यात शेपूट हलवत फिरणारा धोबीही दिसेल. सकाळी ऊन पाठीशी घेऊन उभं राहा, नाहीतर सगळेच पक्षी काळे दिसतात.

प्रश्न: माशांना पाव, चुरमुरे टाकले तर पुण्य लागतं ना? (फुलेवाडी)

पुण्याचं खातं माझ्याकडं नाही. पाण्याचं विचाराल तर उरलेला पाव कुजतो आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो. पिशवीही तिथंच टाकली जाते, ते वेगळंच. चुरमुरे भेळेतच बरे.

प्रश्न: जलपर्णीला इतकी देखणी जांभळी फुलं येतात, मग ती काढायची कशाला? (सानेगुरुजी वसाहत)

देखणी आहेच. वरच्या पाकळीवरचा पिवळा ठिपका जवळून बघा, मोरपिसाच्या डोळ्यासारखा असतो. देठ फोडलात तर आत स्पंजासारखी हवा; त्यावरच ती तरंगते. पण ही बाई दक्षिण अमेरिकेची, आणि पोषक पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. हे पोषण येतं सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदातून. वर हिरवा गालिचा, खाली अंधार, मासे गुदमरलेले. नुसती काढून काठावर ढीग लावला की पहिल्या पावसात तेच सत्त्व परत तळ्यात. खरं तर आधी नाले अडवायला हवेत, मशीन नंतर. आपल्याकडं क्रम उलटा असतो, कारण मशीनपुढं फोटो निघतो.

प्रश्न: फिरायला कोल्हापुरी चप्पल चालेल का?

कोरड्या फरशीवर खुशाल. पावसाळ्यात नको. कातडी तळ गुळगुळीत असतो आणि काठावर शेवाळ. शिवाय भिजलेली कोल्हापुरी लवकर उतरते, तो जीवाला वेगळाच घोर.

प्रश्न: काठावर साप दिसला. तेव्हापासून पंचगंगा घाटावर फिरायला जातो. ठीक आहे ना?

पिवळसर अंगावर काळ्या चौकटी आणि डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा असतील, तर ती दिवड. बेडूक-माशांवर जगते आणि बिनविषारी असते. पण डिवचली तर कडकडून चावते. ओळख पटो न पटो, चार पावलं मागं सरकून वाट द्या. काठी शोधू नका. घाटाचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये सापापेक्षा नदीला भ्या. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोक्याची पातळी. पाणी चढू लागलं की घाटाकडं फिरकू नका; त्या दिवसांत आपला रंकाळाच बरा, दिवडीसकट.