उद्योग-शंका : चार महिने बंद गाळा पुन्हा चालू करताना

प्रश्न : ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझा छोटा गाळा आहे. एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), एक सीएनसी लेथ (संगणकावर चालणारं लेथ), दोन कामगार. मणक्याच्या ऑपरेशनमुळे पावसाळ्याचे चार महिने सगळं बंद होतं. आता डॉक्टरांनी रोज चार तास कामाला परवानगी दिली आहे. गिऱ्हाइकांचे फोन सुरू आहेत, जीएसटीची रिटर्नं राहिली आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : मशीनपासून करा, आणि मशीनने मापात बसलेला पीस देईपर्यंत कुणालाही तारीख देऊ नका. बंदनंतर बहुतेक गाळे अडकतात ते याच ठिकाणी. दिवाळीच्या तोंडावर होकार दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी मशीन अलार्म देऊन उभं राहतं.

आधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून पॅनेल उघडून घ्या. पावसाळ्यात आत ओल धरते, उंदीर वायरी कुरतडतात. वीज दिल्यावर बॅटरीचा अलार्म आला तर बॅटरी मशीन चालू असतानाच बदलायची. बंद करून काढली तर अक्षांची शून्य जागा पुसली जाते. ती आधीच पुसली गेली असेल, तर सर्व्हिस इंजिनिअरने होम (म्हणजे ती शून्य जागा) पुन्हा लावून देईपर्यंत जुना प्रोग्रॅम चालवू नका. टूल थेट व्हाइसवर (जॉब पकडणाऱ्या शिकंज्यावर) आपटेल.

कूलंटला (कापताना टूल थंड ठेवणाऱ्या पाणी-तेलाच्या मिश्रणाला) सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर त्यात नवं ओतू नका. वर साचलेल्या तेलाच्या थराने हवा अडते, खाली जंतू वाढतात आणि ते नवं कूलंटही आठवड्यात खराब करतात. टाकी रिकामी करा, तळाचा गाळ आणि चिप्स काढा, क्लीनर फिरवून स्वच्छ पाण्याने धुवा. मग १०० लिटरला ९४ लिटर पाणी आणि ६ लिटर कूलंटचं तेल. आधी पाणी, त्यात तेल. उलटं केलं तर नीट मिसळत नाही. रिफ्रॅक्टोमीटरचा (मिश्रण किती दाट ते दाखवणाऱ्या उपकरणाचा) आकडा डब्यावरच्या गुणकाने गुणून बघा. जुनं कूलंट गटारात सोडायचं नाही, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्याकडेच द्यायचं.

स्लाइडवेवर (मशीनचे भाग ज्यावरून सरकतात त्या पट्ट्यांवर) तेलाचा थर दिसेपर्यंत ल्युब पंप हाताने दाबा. मग रॅपिड (कापत नसतानाचा सरकण्याचा वेग) २५ टक्क्यांवर ठेवून प्रत्येक अक्ष या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. स्पिंडल ५०० आरपीएमवर दहा मिनिटं, मग १०००, मग २०००. मशीनच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. बेअरिंगमधलं ग्रीस बसलेलं असतं, एकदम वेग दिला की बेअरिंग तापतं.

पहिला जॉब ओळखीचा आणि सैल टॉलरन्सचा (मापात थोडा फरक चालणारा) घ्या. मायक्रोमीटरचे जबडे पुसून शून्य तपासा आणि पाच पीस सलग मोजा. थंड मशीनवरचा पहिला पीस आणि तापल्यावरचा पाचवा यात एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडू शकतो.

एवढं झालं की गिऱ्हाइकांना फोन करा, आणि पहिला प्रश्न ड्रॉइंगचा विचारा. चार महिन्यांत ड्रॉइंगची रिव्हिजन (आवृत्ती) बदललेली असू शकते, आणि जुन्या प्रोग्रॅमवर काढलेली अख्खी बॅच भंगारात जाते. उधारी मागायलाही हीच वेळ बरी. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) त्या पुरवठ्याच्या आधीची असेल, तर सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत गिऱ्हाइकाला द्यावे लागतात. बिलाची तारीख सांगून शांतपणे मागा.

जीएसटी मात्र याच आठवड्यात, कारण माल बाहेर काढताना तेच आडवं येतं. सलग दोन महिन्यांचं थ्रीबी (जीएसटीआर-३बी हे रिटर्न) राहिलं की ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) निघत नाही. सलग सहा महिने राहिलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. धंदा बंद असला तरी शून्य रिटर्न भरावंच लागतं. त्याला दिवसाला २० रुपये उशिराचं शुल्क लागतं, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५०० रुपये. सर्वांत जुन्या महिन्यापासून क्रमाने भरा.

तुमचे चार तास दोन-दोन असे तोडा : सकाळी वॉर्मअप आणि पहिला पीस, दुपारी फोन आणि कागद. मशीन व्हाइसचं वजन ३० किलोच्या आसपास असतं. तो कामगारांनीच उचलायचा, तुम्ही हात लावायचा नाही.

प्रश्न : नेरूळला घरी ब्लाउज शिवते. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी मशीन काढलं, तर दोरा सारखा तुटतो. किती ब्लाउज घेऊ?

उत्तर : सुई बदला (१४ नंबर), दात्यांखालचा आणि बॉबिन केसमधला कचरा ब्रशने काढा, तेल द्या आणि डाग पडणं थांबेपर्यंत चिंध्यांवर चालवा. तरीही तुटला तर वरचा ताण अर्ध्या फेऱ्याने सैल करा, आणि जुनी रीळ कुजलेली नाही ना, ते हाताने ओढून बघा. मग अस्तराचा एक ब्लाउज वेळ लावून शिवा, बाळासाठी उठावं लागलं तो वेळही धरून. रोज हमखास मिळणाऱ्या तासांना त्या वेळेने भागा आणि येईल त्याच्या निम्मेच घ्या. पहिले दोन आठवडे लग्नाचे ब्लाउज नकोत.