वेस्ली विलिस या गायक-चित्रकाराला स्किझोफ्रेनिया होता, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येण्यासारखे भास होणारा मानसिक आजार. त्याची गाणी ऐकून लोक हसतात. ही त्याच्या आजाराची थट्टा नाही का?

माझ्या धाकट्या भावाला १८ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. तो शुभार्थी, म्हणजे आजार असलेला; मी शुभंकर, म्हणजे त्याची काळजी घेणारं माणूस. त्यामुळे हा प्रश्न मला घरचाच वाटला.

शिकागोच्या या माणसाच्या गाण्यांवर हसू येतं, हे खरं. कीबोर्डमधला तयार ताल, त्यावर बोलल्यासारखी कडवी, धृपदात गाण्याचं नावच पुन्हा पुन्हा, आणि शेवटी लंडन-शिकागोच्या नावाने आरोळी देऊन एखाद्या जाहिरातीतली ओळ. शेकडो गाणी याच साच्यातली. ऐकणारा हसतो तो साचा ओळखून, आणि त्यात मला वाईट वाटत नाही. ‘वेडा बघा कसा गातो’ म्हणून हसणं मात्र मला सहन होत नाही.

१९८९ मध्ये त्याच्या आजाराचं निदान झालं. त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांना तो सैतान म्हणायचा आणि त्यांना नावंही दिली होती, त्यातलं एक ‘हार्टब्रेकर’. आवाज सुरू झाले की त्याच्या भाषेत ‘हेल राइड’, आणि संगीत म्हणजे ‘जॉय राइड’. काही गाण्यांत अर्वाच्य शिव्या आहेत, त्या या सैतानांना हुसकावण्यासाठी. माझा भाऊ आवाज आले की मोठ्याने एकोणतिसाचा पाढा म्हणतो. पाहुणे हसतात; आम्हाला कळतं की आत गडबड वाढली आहे.

तुम्ही विलिसची चित्रं पाहिली आहेत का? नसतील तर आधी ती पाहा. साधी बॉलपेनं, मोठा पोस्टरबोर्ड आणि त्यावर शिकागो: तिथला डॅन रायन एक्सप्रेसवे हा महामार्ग, शहराच्या बसेस, उंच इमारतींच्या खिडक्यांच्या रांगाच रांगा. लांब जाणारे रस्ते कसे निमुळते होत जातात, याची त्याची समज पक्की होती. ही चित्रं तो रस्त्यावर विकायचा. निदानाच्या आधीपासून तो चित्रं काढत होता, म्हणून ‘आजारातून कला आली’ हे मला अजिबात पटत नाही. ती मेहनतीची आहे.

२००३ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने तो गेला, अवघ्या चाळिशीत.

चित्रं पाहून झाली की त्याचं ‘क्रॉनिक स्किझोफ्रेनिया’ हे गाणं ऐका. त्यात तो आजाराचं नाव घेऊन गातो. तेच नाव शेजारणीसमोर उच्चारायला माझ्या आईला नऊ वर्षं लागली.